आगरातली बाई

घशाच्या डॉक्टरांनी संचिताला निदान महिनाभर तरी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली होती. तिनं मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी गाडीत जाऊन बसली. करणार काय? तिची नोकरीच बोलण्याची होती. मुंबईतल्या एका वस्तुसंग्रहालयाची ही गाडी शाळाशाळांतून फिरायची. ज्या मुलांना संग्रहालयापर्यंत येणं जमत नाही त्यांच्या वर्गात संग्रहालय न्यायचं, अशी ती योजना होती. गाडीत जुनी नाणी आणि मूर्तींच्या प्रतिकृती, मडकी, अवजारं आणि माणसाच्या उंचीच्या फलकांवर छापलेले जुने फोटो असायचे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतचा पट्टा संचिताकडे होता. डोंबिवलीतच राहत असल्यामुळे तो तिनं आपणहून मागून घेतला होता आणि त्याला आता कितीतरी वर्षं झाली होती.

सुरुवातीला ती प्रत्येक शाळेसाठी काहीतरी नवीन शोधून काढायची. पुढे वाक्यं ठरून गेली. कुठे थांबायचं, कुठे प्रश्न टाकायचा, मुलं कशाला हसणार, सगळं तोंडपाठ. हल्ली तर बोलता बोलता तिच्या मनात घरातल्या नळाचं पाणी, आईची औषधं असलं काहीबाही येऊन जायचं आणि तोंड आपलं काम करत राहायचं. मुलंही जांभया देत ऐकायची. घंटा झाली की टाळ्या वाजवायची, त्याही वर्गाच्या बाईंनी सांगितलं म्हणून.

त्यात संग्रहालयातल्या तिच्या वरिष्ठ रसिकाताई अलीकडे वेगळंच बोलू लागल्या होत्या. "मुलांना आता सगळं पडद्यावर लागतं गं," त्या म्हणायच्या. "गाडीनं नक्की काय साधतं ते वर दाखवता आलं पाहिजे. नाहीतर मार्चनंतर अवघड आहे." काय साधतं, हे संचितालाही नीट सांगता आलं नसतं. पूर्वी आलं असतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी गाडी बाळकुमच्या शाळेत गेली. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिल्यामुळे शाळेच्या पटांगणात दहा वाजेपर्यंत ऊन उतरत नसे. ड्रायव्हर त्र्यंबकनं फलक एकेक करून सहावीच्या वर्गात आणून भिंतीला टेकवले. त्र्यंबक मोजकंच बोलायचा आणि संचिताला हल्ली तेच बरं वाटायचं.

त्या दिवशीचा विषय होता ठाण्याच्या खाडीकाठची मिठागरं. शेवटच्या फलकावर एक तरुण बाई होती. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं, उघडे पाय, डोक्यावर मिठानं भरलेली पाटी आणि मागे मिठाचे पांढरे ढीग. उन्हामुळे तिचे डोळे बारीक झाले होते, तरी ती हसते आहे हे कळत होतं. खाली छापलेलं होतं : मिठागरातील स्त्री कामगार, ठाणे खाडी, १९७१.

"ही पाटी किती जड असेल? कोण सांगतं?" संचितानं ठरलेला प्रश्न विचारला. घसा खरवडून निघाला.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, ही माझी आजी आहे."

वर्ग हसला. मुलगी हसली नाही. तिचं नाव पायल. बाळकुमच्याच जुन्या घरातली, वर्गाच्या बाईंनी संचिताच्या कानाशी सांगितलं, हे समोरचे दोन टॉवर त्यांच्याच जागेवर आहेत. पायल पुढे आली आणि फोटोकडे बोट दाखवून म्हणाली, "खरंच आजी आहे. तिची हनुवटी अशीच आहे. आणि ती मिठाच्या आगरात जायची, मला सांगितलंय तिने." मग तिनं बाईंची परवानगी काढून त्यांच्याच मोबाईलवर फोटोचा फोटो काढून घेतला आणि घरी पाठवून दिला.

इतक्या वर्षांत त्या फलकावरच्या बाईला कुणी ओळखलं नव्हतं. संचितालाही ती कुणी विशिष्ट बाई असेल असं वाटायचं थांबलं होतं. ती मडक्यांसारखीच गाडीतली एक वस्तू झाली होती.

संध्याकाळच्या आत पायलच्या वडिलांचा फोन आला. सुदेश त्यांचं नाव. आवाज मोठा, आनंदानं आणखीच चढलेला. "मॅडम, तुम्हाला कल्पना नाय तुम्ही काय आणलंय ते. माझी आय आहे ती. तिला विचारलं, ती पण हो बोलली. आमच्याकडे तिचा लग्नाचापण फोटो नाय हो. आपण मोठा कार्यक्रम करू. शाळेतच करू, मंडप मी घालतो."

संचितानं ते फोनवर रसिकाताईंना कळवलं, आणि त्या खुर्चीतून उठल्याच असाव्यात असा त्यांचा आवाज आला. "अगं, हेच तर हवं होतं. वर्गात फोटो नेला आणि मुलीला तिची आजी सापडली. आता गाडी बंद करा म्हणून कोण म्हणेल? मी येते. वर्तमानपत्रातल्या माणसालाही घेऊन येते."

गाडी वाचेल म्हटल्यावर आपल्याला आनंद व्हायला हवा, असं संचिताला वाटलं. झालाही थोडा. पण त्याच्याखाली, अजून एक वर्ष हेच सगळं बोलायचं, हा विचार जड धोंड्यासारखा पडून होता.

कार्यक्रमाच्या दिवशी ती लवकर पोचली. पटांगणात खुर्च्या लागत होत्या, माईकवर कुणीतरी फुंकून बघत होतं. फोटोचा फलक मिरवत बाहेर न्यायचा म्हणून अजून वर्गातच ठेवला होता. संचिता त्याच्यावरची धूळ पुसत असताना दारात पायल आली. तिच्या हाताला धरून एक म्हातारी बाई होती, तिची आजी ठमाबाई. हिरवं नऊवारी, अंबाड्यात अबोलीची वेणी, अंगावर दागिने, पाय मात्र भेगांनी भरलेले.

"आजीला तुमच्याशी बोलायचंय," पायल म्हणाली.

"तू जा बाय भायेर," म्हातारीनं सांगितलं. नात गेल्यावर ती फलकासमोर जाऊन उभी राहिली. संचितानं बसायला खुर्ची ओढली, पण ती बसली नाही.

"ही मी नाय," ठमाबाई म्हणाली. "ही रंगू हाय. माजी मोठी बहीण."

संचितानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"आमी दोघी तोंडानं सारक्या. लोक फसायचे." ठमाबाई फोटोकडेच बघत सावकाश बोलत होती. "ह्या वक्ताला रंगू पोटुशी होती. पाचवा म्हयना. तिला कोन उचलायला देत नव्हतं, ती आपली पानी घेऊन यायची आमाला. एक फोटोवाला आला. त्याला तिचं हसनं आवडलं. बोलला, डोक्यावर पाटी घे. तवा माज्या डोक्यावरची पाटी काढून तिच्या डोक्यावर दिली, दोन मिनिटं. मी हितंच उभी होती, बाजूला."

"मग सुदेशभाऊ..." संचितानं विचारलं. आवाज निघेना, नुसता वारा निघाला.

"रंगूचा हाय सुदेश. गनपतीत झाला. पोर तीन म्हयन्यांचा आन् ती कावीळ होऊन गेली. मंग मना धाकूच्या घरी दिली. धाकू म्हंजे तिचा नवरा. पोराला कोन बगनार? सुदेशला ठाव हाय ते, आक्क्या गावाला ठाव हाय. पन कोन बोलत नाय. मीच कदी बोलली नाय." ती थांबली. "पोरीनं मोबाईलमदी फोटो पाठवला. सुदेश धावत आला. आये, ही तूच गो, बोलला. त्याचं तोंड बगून माज्या तोंडातनं हो गेला."

बाहेर गाड्यांची दारं लागत होती. रसिकाताईंचा आवाज आला, कुणालातरी शाळेची माहिती देत होत्या.

"आता मी काय करू?" ठमाबाईनं विचारलं. "तुमी शिकलेल्या हात. सांगा."

संचिता अतिशय थकली होती. घसा जळत होता, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. खिडकीतून मंडप दिसत होता, पहिल्या रांगेतले सोफे, वर्तमानपत्राचा माणूस. खरं बाहेर आलं तर काय काय निस्तरावं लागेल ते सगळं तिला एकदम दिसलं. ती म्हणाली, "आजी, आता सगळी मंडळी जमलीत. तुम्ही काही बोलला नाहीत तरी चालेल. कुणाचं नुकसान आहे त्यात?"

ठमाबाईनं पहिल्यांदाच मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता. "तिचं हाय की," ती म्हणाली.

तेवढ्यात माणसं आत आली. सुदेश पुढे होता, पांढरा शुभ्र कुडता, कपाळावर गंध. त्यानं आईला वाकून नमस्कार केला, फलकाला हार घातला, आणि आईला नि फलकाला बाहेर नेलं. संचिता मागून चालत राहिली. आपण काय बोलून बसलो ते तिला कळत होतं, पण आता त्याला धरून थांबवावं एवढं बळ तिच्यात नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला. रसिकाताई छान बोलल्या. मग सुदेश माईकपाशी गेला. त्यानं कागद काढला आणि परत खिशात घातला.

"मला भाषण येत नाय," तो म्हणाला. "लोकं आम्हाला बोलतात, जमिनी विकल्या आणि आयते बसले. त्यांनी हा फोटो बघावा. हे पाय बघावेत. मिठाच्या पाण्यात ह्या पायांची सालं जायची. ही माझी आय आहे. उद्या हा फोटो मी हॉलमध्ये लावणार आणि घरी येईल त्याला आधी हिच्या पाया पडायला लावणार."

टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्या तेव्हा ठमाबाई सोफ्यावरून उठून उभी होती. तिच्यापुढे माईक नव्हता, पण पटांगण गप्प होतं.

"सुदेश," ती म्हणाली, "ती तुजी आयच हाय. पन ती मी नाय. रंगू हाय ती."

गावातली माणसं जागच्या जागी थिजली. शिक्षकांना आणि पाहुण्यांना काय झालं ते लगेच कळलं नाही. ते एकमेकांकडे बघू लागले. सुदेश माईक धरून उभाच. तो ठमाबाईकडे बघेना. त्यानं फलकाकडे बघितलं, जवळ गेला, हाराच्या वरून त्या चेहऱ्याकडे बघितलं. मग माईक टेबलावर ठेवला आणि खुर्च्यांमधून वाट काढत सरळ फाटकाबाहेर गेला. त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्याच्या बायकोनं, कल्पितानं, सासूच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला हळूहळू घरी नेलं. शाल-श्रीफळाचं तबक तसंच राहिलं. मुख्याध्यापिकांनी दोन वाक्यांत आभार उरकले.

"हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं," गाडीत बसताना रसिकाताई म्हणाल्या.

"मला कळलं होतं," संचिता म्हणाली. "थोडं आधी. त्यांनी सांगितलं होतं मला."

"आणि तू बोलली नाहीस?"

"नाही."

रसिकाताईंनी गाडीचं दार लावून घेतलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. वर्तमानपत्रात काही आलं नाही. पुढच्या आठवड्यात निरोप आला, की मार्चअखेरीला गाडी थांबेल. संचितानं एकच गोष्ट मागितली, फलकावर नाव घालायची परवानगी. "घाल," रसिकाताई फोनवर म्हणाल्या, "दीड महिना तर राहिलाय."

डोंबिवलीतल्या तिच्या नेहमीच्या दुकानातून तिनं पट्टी छापून आणली आणि जुन्या ओळीवर चिकटवली : रंगूबाई, बाळकुम. ठाणे खाडीकाठच्या मिठागरात, १९७१.

त्यानंतरची शाळा कल्याणजवळच्या मोहन्याची होती. बंद पडलेल्या कारखान्याच्या भिंतीला लागूनची गल्ली, पुढे शाळा, बसक्या पत्र्याच्या इमारतीत पाच वर्ग. संचिता मुलांना नाणी हाताळायला देत होती. हल्ली ती बोलणं कमी करून वस्तू जास्त वेळ मुलांच्या हातात ठेवायची, कारण दुसरा इलाजच नव्हता. मधेच तिचं लक्ष दाराकडे गेलं. व्हरांड्यात सुदेश उभा होता. कुडता नव्हता, साधा शर्ट, दाढी वाढलेली. शाळेकडून त्यानं गाडीचा पत्ता काढला असावा. त्यानं हातानंच खूण केली, तुमचं चालू द्या.

ती शेवटच्या फलकापाशी आली. पाटी किती जड असेल, हे तिनं विचारलं नाही.

"ह्या रंगूबाई," ती म्हणाली. "बाळकुमच्या. मिठागरात कामाला होत्या."

"आता कुठे राहतात?" एका मुलीनं विचारलं.

"आता नाहीत त्या. तरुणपणीच गेल्या."

"मग हा फोटो कोणाकडे होता?"

"आमच्याकडेच होता," संचिता म्हणाली. "पण त्या कोण, ते आम्हाला माहीत नव्हतं. त्यांच्या बहिणीनं सांगितलं."

मुलं बाहेर गेली. सुदेश आत आला, चप्पल दाराशी काढून. तो फलकापासून दोन हातांवर उभा राहिला.

"मला माहीत नव्हतं असं नाय, मॅडम," तो म्हणाला. "लहानपणापासून माहीत होतं. तोंड माहीत नव्हतं फक्त. एकदा मी आयला विचारलेलं, ती कशी होती दिसायला? तर बोलली, माझ्यासारखी. मला वाटलेलं, मला गप्प करायला बोलतेय."

संचितानं त्याला खुर्ची दिली. तो लहान मुलांच्या बाकावरच बसला.

"त्या दिवसापासून मी घरात बोललो नाय. राग नाय हो तिचा. मी स्टेजवर काय काय बोललो, ते आठवतं आणि तोंड उघडत नाय. ती पण खोलीतून बाहेर येत नाय. ताट आत जातं, तसंच परत येतं. कल्पिता बोलली, जाऊन फोटो तरी नीट बघून या."

बाहेर त्र्यंबक गाडीत पेट्या लावत होता. मग संचितानं ठमाबाईनं वर्गात सांगितलेलं त्याला सांगितलं. जमेल तसं, मधे मधे थांबून, कारण आवाज मधेच तुटत होता. रंगूचं पाणी घेऊन येणं, फोटोवाला, तिचं हसणं. पाचवा महिना.

सुदेशनं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे मीपण आहे ह्यात," तो म्हणाला.

"हो."

"आणि पाटी?"

"पाटी तुमच्या आईची. ठमाबाईंची. त्या बाजूलाच उभ्या होत्या, फोटोच्या बाहेर."

तो उठून फलकाजवळ गेला. "हात लावला तर चालेल का?"

"लावा ना. मुलांनी हात लावावा म्हणूनच केलेलं आहे हे सगळं."

त्यानं पाटीवर तळहात ठेवला. चेहऱ्याला हात लावला नाही. तसाच उभा राहून त्यानं दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला आणि लावला. पलीकडे उचलायला वेळ लागला.

"आये," तो म्हणाला. "जेवलीस का?... नाय, मी मोहन्याला आलोय... हो, तिकडेच. बघतोय." पलीकडची ठमाबाई बराच वेळ बोलत होती. तो नुसता हं, हं करत ऐकत राहिला. "थांब मग माझ्यासाठी. येतो मी. दोघं बसू जेवायला."

फोन ठेवून त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. फोटोची प्रत मिळेल का, असं विचारलं. संचिता म्हणाली, मोठी करून देते, गाडी बंद व्हायच्या आत देते. "गाडी बंद होतेय?" त्यानं विचारलं, आणि तिनं मान डोलावली. "चांगली होती," एवढंच म्हणून तो चप्पल घालून निघाला.

संचिता त्याच्या जागेवर, त्या बुटक्या बाकावर बसली. पाय अवघडले होते. तिनं थर्मासमधलं कोमट पाणी एकेक घोट प्यायलं. ठमाबाईला त्या दिवशी आपण काय सल्ला दिला, ते सुदेशला सांगायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण घशानं तेवढं करू दिलं नाही. की तिनंच नाही केलं, कोण जाणे. बाहेर मुलांची रांग लागल्याचा गलका ऐकू येऊ लागला.

त्र्यंबकनं दारातून डोकं आत घातलं. "मॅडम, सातवीची मुलं आलीत. थोडा वेळ थांबवू का?"

"नको," ती म्हणाली. "घे आत."